शिकवणाऱ्याचा वाटा

जवाईबापूंनी तळघरात बियर लावली होती आणि ती चालू झाली की नाही हे त्यांना कळत नव्हतं. मी वास घेतला आणि म्हणालो, "झाली." त्या एका शब्दानं माझी पंचाईत केली.

लेक अमेरिकेत राहते, मिनेसोटा राज्यात. धानाचं उरकून, लाखोरी-हरभरा घरी आणून आम्ही दोघं नवरा-बायको मार्चच्या शेवटी तिकडे गेलो. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात ते मोह पडायचे दिवस. पहाटे टोपली घेऊन झाडाखाली जायचं, फुलं वेचायची, ऊन चढायच्या आत घरी. तिकडे खिडकीबाहेर पाहावं तर बर्फ. दिवसभर हाताला काम नाही. शेतकऱ्याला बसवून खाऊ घातलं तर दोन दिवस बरं वाटते, तिसऱ्या दिवसापासून अंग दुखायला लागते. म्हणून एका शनिवारी जवाईबापूंनी एक खोका फोडला आणि "मामाजी, येता का मदतीला?" म्हणाले, तेव्हा काय, कशाला, काही न विचारता मी उठलो. खाली गेल्यावर कळलं की बियर करायची आहे.

त्यांचाही तो पहिलाच डाव. शिकाऊ माणसासाठी खोक्यात सगळं मोजून दिलेलं असते. काकवीसारखा दाट पाक होता, जवाचा. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, मग भरडून ऊन पाण्यात ठेवायचे. मोड आल्यानं धान्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते, म्हणून ते पाणी गोड होते. ते आटवलं की हा पाक. लेकराला मोड आलेल्या धान्याचं सत्त्व करून देतात, त्याच वळणाची रीत. शिवाय हॉप्स नावाच्या वेलीची फुलं, दळून त्याच्या हिरव्या गोळ्या केलेल्या. मी एक जिभेवर ठेवली. कडुनिंबाची बहीण म्हणावी अशी. बियरचा कडूपणा तिचाच, आणि ती लवकर नासत नाही तेही थोडंफार तिच्यामुळेच.

मोठ्या गंजात पाणी, त्यात पाक, त्यात हॉप्स, आणि तासभर उकळ. मग गंज बर्फात ठेवून भराभर थंड केला आणि वरून थंड पाणी घालून सगळं मिळून १९ लिटर केलं. गरम असताना विरजण घातलं तर ते मरते, आणि हळूहळू निवत ठेवलं तर नको ते जंतू आधी शिरतात. दुधाचं दही लावणाऱ्या कोणत्याही बाईला हे सांगावं लागत नाही. पण जवाईबापू पुस्तिका वाचून वाचून करत होते. बादली, झाकण, नळी, चमचा, सगळं औषधाच्या पाण्यातून काढलं. आमची कारभारीण जिन्यात उभी राहून म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीतबी एवढं धूत नाई बापा."

मग त्यांनी काचेची एक नळी त्या पाण्यात सोडली. डेअरीत दूध तपासायला लॅक्टोमीटर सोडतात ना, तशीच. आकडा आला १.०५०. तो त्यांनी वहीत लिहिला, तारीख टाकून. शेवटी साडेअकरा ग्रॅमची यीस्टची पुडी वरून शिंपडली, झाकण दाबलं, झाकणाच्या भोकात पाणी भरलेली वाकडी नळी बसवली. आतली हवा पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर जाते, बाहेरची आत येत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एक बुडबुडा नाही. जवाईबापू चार वेळा खाली जाऊन आले. "मेलं वाटते मामाजी. पुडी खराब निघाली." मी गेलो, बादलीजवळ बसलो. बादली आरपार दिसणारी होती. आत, पाण्याच्या वर, बोटभर फेसाची रेघ आलेली. आणि वास. काय सांगू! सात समुद्रापलीकडे, बर्फाच्या देशात, माझ्या नाकात चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा वास आला. बुडबुडे येत नव्हते कारण झाकण एका बाजूनं सैल होतं, हवा तिकडून निसटत होती. मी ते तळहातानं दाबलं. थोड्या वेळानं नळी बोलली, बुडूक.

"मामाजी, तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हणालो, "गावाकडे आंबील लावतात ना जी. तसंच."

लेक वर जिन्यात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेली.

ती का निघून गेली ते आता सांगतो. माझा धाकटा भाऊ २००६ साली गेला, त्रेचाळीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षी लेकीचं लग्न जुळलं. नागपूरची शिकलेली माणसं. काका कशानं गेले असं त्यांनी विचारलं तेव्हा आम्ही म्हणालो, काविळीनं. खोटं नव्हतं. डोळे पिवळे झाले होते, पोटात पाणी झालं होतं. कावीळ कशानं झाली हे त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. सोळा वर्षं ती गोष्ट तशीच राहिली. लेकीला एवढं माहीत होतं. त्याच्यापुढचं तिलाही माहीत नव्हतं, की त्याला सडवा लावायला मी शिकवलं.

सडवा म्हणजे मोहाची भिजवलेली फुलं. मी अठरा वर्षांचा असताना आमच्या शेताशेजारच्या एका गोंड आजोबांकडून शिकलो. वाळवलेली फुलं मडक्यात घालायची, पाणी ओतायचं, तोंड बांधायचं. पुडी लागत नाही. मोहाच्या फुलात साखर तयारच असते, म्हणून जवासारखे मोड आणायचीही गरज नाही, आणि विरजण फुलासोबतच येते. उन्हाळ्यात चार-पाच दिवस, थंडीत आठ-दहा. खदखद थांबली की तयार. बियर इथंच थांबते, मोहाची पुढे भट्टीवर चढते. वाफ धरून थेंब थेंब उतरवायची. ते वेगळं काम आहे, वेगळ्या जोखमीचं आहे, आणि ते इथं शिकवायला मी बसलो नाही.

पण आजोबांनी कृती सांगायच्या आधी एक गोष्ट सांगितली होती. "कारण नसन तं लावाचा नाई." लग्न, तेरवी, देवाची पूजा, पेरणी झाल्यावरचा दिवस. कारण ठरलं की त्याला पुरेल एवढाच सडवा. उतरवली की पहिले थेंब जमिनीवर, देवाला आणि गेलेल्या माणसांना. मग म्हाताऱ्यांना. पोरांना शेवटी. त्या घरात मी दारू पाहिली, दारुडा पाहिला नाही. आता कोणी म्हणेल, हा जुन्या दिवसांचं गोड करून सांगतो. असेल. पिणारे तेव्हाही होते, मार खाणाऱ्या बायकाही होत्या. मी त्या एका अंगणापुरतं सांगतो आहे.

भाऊ अठराचा झाला तेव्हा मागे लागला. "भाऊ, मले शिकव ना." १९८१ चा एप्रिल. मी शिकवलं. नांगर धरायला मीच शिकवलं होतं, तलावात पोहायला मीच, मग हे कोण शिकवणार? मला त्यात मोठेपणा वाटला. कोणतं फूल घ्यायचं, पाणी किती, कान लावून कसं ऐकायचं, वासावरून कसं ओळखायचं, सगळं शिकवलं. कारणाचं सांगितलं नाही. विसरलो असं नाही. तेव्हा ते मला म्हाताऱ्याचं थोतांड वाटायचं. दहावी शिकलेला होतो ना! देवाला थेंब टाकायचे म्हणजे अडाणीपणा, असं माझं मत होतं. कामाचं तेवढं घेतलं आणि बाकीचं टाकून दिलं, अशी माझी समजूत होती. त्या रात्री आम्ही दोघांनी कारण नसतानाच पहिल्या धारेची घेतली आणि तलावाच्या पाळीवर पडून खूप हसलो. आयुष्यातल्या चांगल्या रात्रींपैकी ती एक होती, हे मला आजही नाकारता येत नाही.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. माझं सुटलं. का सुटलं हेही मी छातीठोक सांगू शकत नाही. माझ्या अंगाला ती फारशी मानवत नव्हती, बायको कडक होती, एवढंच. त्याचं सुटलं नाही.

तळघरातली बादली रात्रंदिवस बुडूक-बुडूक करत होती आणि मी वर पलंगावर पडून हिशेब करत होतो. चाळीस वर्षं मी जे हिशेब केले होते, तेच पुन्हा.

एक हिशेब असा, की गावात दर दुसऱ्या घराला सडवा येत होता, मी नाही तर दुसऱ्यानं शिकवलं असतं. खरं आहे. पण दुसऱ्यानं शिकवलं नाही, मी शिकवलं. शेजारच्याला फवारणीचा पंप कसा मारायचा हे मी दाखवलं आणि वाऱ्याच्या उलट उभं राहू नको हे सांगितलं नाही, आणि तो भोवळ येऊन पडला, तर "दुसऱ्या कोणीतरी शिकवलंच असतं" हे मी त्याच्या बायकोला सांगू शकतो का?

दुसरा हिशेब मला जास्त आवडायचा. तो असा, की भाऊ घरच्या मोहानं गेलाच नाही. दोन-तीन वर्षांत त्यानं लावणं सोडून दिलं होतं. पाच दिवस थांबायचं कोणाला? दुकानात देशीची बाटली तयार मिळते. ज्याला स्वतः करायची आहे त्याला फुलं वेचावी लागतात, वाळवावी लागतात, वाट पाहावी लागते, आणि त्या वाट पाहण्यातच एक लगाम आहे. जवाईबापूही तेच म्हणाले. बियर बाटलीत भरेपर्यंत दोन आठवडे, भरल्यावर आणखी दोन. महिन्यानं पन्नासेक बाटल्या हाती, आणि एवढ्या खटाटोपाची म्हणून माणूस ती जपून पितो. हे बोलणं मला पटते. पण ते मला सोडवते म्हणून पटते की खरं आहे म्हणून, हे मला कळत नाही. ज्या विचारानं आपली सुटका होते त्याच्याकडे माणसानं थोडं तिरकंच पाहावं. बैल विकणारा त्याचे दात स्वतः उघडून दाखवायला लागला की आपण पाय तपासतो, तसं.

कायद्याचाही विचार केला. जवाईबापूंनी सांगितलं, त्यांच्या देशातही १९२० ते १९३३ सगळीकडे दारूबंदी होती. ती उठली तरी घरी बियर करायला परवानगी नव्हती. ती १९७८ च्या कायद्यानं मिळाली. घरात दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर. एकटा असेल तर निम्मं. आणि विकायची नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय घरी काहीही केलं तर गुन्हा, मग ती बियर असो की मोहाची. म्हणजे जे काम तिथं शनिवारचा छंद आहे, त्याच कामासाठी आमच्या गावच्या म्हातारीची मडकी पोलिसांनी माझ्या डोळ्यांदेखत फोडली आहेत. सडवा अंगणात वाहत गेला आणि कोंबड्या तो टिपून झिंगल्या, लोक हसले. म्हातारी हसली नाही. यात न्याय काय, असं शहरातला वाचक विचारेल. मीही विचारतो. पण मला दुसरी बाजूही पाहावी लागते, कारण ती माझ्या घरातली आहे.

माझी भावसून. भावाच्या मागे दोन लेकरं तिनं रोवणी-कापणी करून वाढवली. २०१० च्या डिसेंबरात जिल्ह्यात दारूबंदी करा म्हणून बायका चिमूरहून नागपूरला विधानभवनावर पायी गेल्या, त्यात ती होती. जायच्या आदल्या संध्याकाळी दारात आली, डोक्यावरचा पदर सावरत, अर्धी भिंतीआड. "भासरे, आमाले चिमूरवरी सोडून द्या." मी ट्रॅक्टर काढला, ट्रॉलीत वीस-बावीस बायका बसवल्या. रस्ताभर त्या घोषणा देत होत्या आणि मी पुढे पाहून चालवत होतो. मला वाटत होतं, हिला माहीत नाही ट्रॅक्टर कोण चालवतो आहे. पुढे २०१५ च्या एप्रिलपासून बंदी झाली, २०२१ मध्ये उठली. मधल्या वर्षांत चोरून येत राहिली, महाग झाली, काही घरं सावरली, काही नाही. बंदी बरोबर की चूक यावर माझ्याकडे पारावर बसून सांगण्यासारखं मत नाही. त्या बायका मात्र बरोबर होत्या.

पंधरा दिवसांनी बाटल्या भरायचा दिवस आला. जवाईबापूंनी पुन्हा काचेची नळी सोडली. १.०१२. दोन आकड्यांच्या फरकावरून त्यांनी काढलं, पाच टक्के झाली. मग शंभर-सव्वाशे ग्रॅम साखर उकळून घातली. त्या साखरेवर राहिलेलं यीस्ट बाटलीत पुन्हा थोडं चालते आणि त्यानंच फेस येतो. साखर जास्त झाली तर बाटली फुटते. तेरा वर्षांचा नातू बाटल्या धूत होता. एक एक बाटली उजेडाकडे धरून पाहत होता, तोंड उघडं. असाच एक पोरगा माझ्याकडे पाहत बसला होता.

मी खाली बसलो आणि जवाईबापूंना सगळं सांगितलं. कावीळ कशाची होती ते, आणि शिकवलं कोणी ते. नातू ऐकतो आहे हे माहीत असून सांगितलं. लेक जिन्यात येऊन बसली.

जवाईबापू पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मामाजी, तुम्ही करायला शिकवलं, प्यायला नाही. पिणं ज्याचं त्याचं असते." समजूतदार माणूस आहे, माझं दुःख हलकं करायला म्हणाला. मी त्यांना म्हणालो, "जवाईबापू, माझा भाऊ तालुक्यात सगळ्यात सरळ तास काढायचा. लोक म्हणायचे, भावानं शिकवलं म्हणून. तेव्हा मी कधी म्हणालो नाही का नांगर ज्याचा त्याचा असते. मी मान डोलवायचो. त्याच्या सरळ तासात माझा वाटा होता तर याच्यातही आहे. किती आहे ते मला मोजता येत नाही. तुमच्याजवळ नळी आहे, माझ्याजवळ तशी नाही."

"मग मी हे करू नको का?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मला आला नसता तर बरं झालं असतं. नको म्हणायचा मला काय अधिकार? जे त्यांच्या हातून होत होतं त्यात कुठे वाईट दिसत नव्हतं. मोजून होतं, तारीख टाकून होतं, कायद्यात बसत होतं. मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं मेली, ते विकणाऱ्यांच्या लोभाचं काम होतं. असं घरी आंबवलेल्या बियरनं ते होत नाही. पण माझा भाऊही पहिली दोन वर्षं चांगलाच होता. मी म्हणालो, "करा. पण आजोबांचं जे मी टाकून दिलं ते तुम्ही घ्या." आणि कारणाचं सांगितलं. इतक्या वर्षांनी, दुसऱ्याच्या पोराला, परक्या देशात. नातवाला 'कारण' शब्द कळला नाही. लेकीनं जिन्यातून त्याला इंग्रजीत समजावून दिला. तो म्हणाला, "मग याचं कारण काय?" जवाईबापूंना उत्तर देता आलं नाही. शेवटी ठरलं, आजी-आजोबा परत जातील त्याच्या आधीचं जेवण, हे कारण.

त्या जेवणाला बाटल्या उघडल्या. चांगली झाली होती म्हणतात. मी घेतली नाही, भावाच्या मातीपासून घेत नाही. मागच्या अंगणात बर्फ वितळून गवत दिसायला लागलं होतं, तिथं चार थेंब टाकले. नातू सोबत आला होता. त्यानंही टाकले.

गावी परतलो तेव्हा मे संपत आला होता. तिसऱ्या दिवशी भावसुनेच्या घरी गेलो. ती वळचणीला बसून वाळलेली मोहफुलं निवडत होती, खडे-काड्या बाजूला काढत. फुलं गोळा करण्या-साठवण्यावरची बंधनं सरकारनं सैल केली तेव्हापासून ती उघड्यावर व्यापाऱ्याला विकते. मी उभाच राहिलो. म्हणालो, "त्याले सडवा लावाले मी शिकवलं होतं."

तिनं पदर पुढे ओढला. हात थांबले नाहीत.

"मले मालूम आहे जी. लगन झालं त्याच वर्सी त्यायनंच सांगतलं होतं. हासत हासत सांगे, तलावाच्या पाळीवरचं."

मी काही बोलू शकलो नाही. तिनं निवडलेली फुलं एका बाजूला सारली.

"दोन पायल्या बाईसाठी काढून ठेवल्या आहे. भाकरीत टाकाले. घेऊन जा."